मुलाखतीची तालीम

हिंगोली,
मे १९७३

प्रिय जमना,

तुझ्या मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, म्हणून रागावली असशील. रागाव. सध्या इथे रागवायचं काम इतकं आहे की मी एकटी पुरत नाही. निवृत्तीनंतर दुपारी पंख्याखाली पडून राहायचं ठरवलं होतं, तर पंखा घरी फिरतो आणि मी शाळेच्या तापलेल्या पत्र्याखाली बसते. आमच्या किसनराव वकिलांनी सुट्टीत एक वर्ग काढलाय. मॅट्रिकला बसलेल्या खेड्यांतल्या मुलामुलींना कॉलेजचे अर्ज कसे करायचे आणि मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवायचं. कल्पना चांगली आहे. मला त्यांनी 'मार्गदर्शक' केलं, म्हणजे फुकटात धरलं.

शिकवायला पुण्याहून एक तरुण मास्तर आणलेत. त्यांनी 'मला पुढे का शिकायचे आहे' यावर एक निबंध फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला. देशसेवा, देशसेवा, देशसेवा. मी म्हटलं, अहो, अख्खा तालुका देशसेवेला निघाला तर यंदा ज्वारी कोण पेरणार? ते हसले. म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यावर हसून मोकळं व्हायचं, हेही पुण्यात शिकवत असतील. गुडघे दुखतात, घसा बसलाय, तरी रोज जाते. न गेले तर ही पोरं त्यांच्या हाती एकटी सापडतील.

त्यात इथल्याच गोरेगावकडची एक मुलगी आहे, चांगुणा. बापाचं, ग्यानबाचं, थोडं कोरडवाहू रान. मुलीला डॉक्टर व्हायचंय. का, असं मी विचारलं तर फळ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, बाया दुखणं बाप्यापाशी सांगत न्हाईत. मरतात पण सांगत न्हाईत." हे एवढंच लिही, म्हटलं, आणि ती देशसेवा खोडून टाक. आता डॉक्टरकीचा रस्ता तुझ्या औरंगाबादवरून जातो, म्हणून तिथल्या कॉलेजचा आणि मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज करायचं ठरलं.

मागच्या आठवड्यात मुलाखतीची तालीम होती. प्रत्येकाने उभं राहून शेजारच्याची ओळख करून द्यायची. चांगुणेच्या शेजारी बाळापूरचा एक मुलगा होता, सोनाजी. हिने त्याचं गाव सांगितलं, बापाचा धंदा सांगितला, गणितात हुशार आहे हेही सांगितलं. नाव काही सांगेना. मास्तर म्हणाले, नाव? पुन्हा नाव? ही पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतेय. मास्तरांना वाटलं, पोरगी घाबरट आहे. शेवटी म्हणाली, "सर, त्याचं त्यालाच सांगू द्या ना." पोरं खिदळली. पुण्याच्या मास्तरांना कळलं नाही, पण मला कळलं. आपल्याकडे बाई कोणतं नाव तोंडाने घेत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

सुट्टीत तिला रांजणापाशी गाठलं. लग्न कधी झालं, विचारलं. सातवीत असताना, म्हणाली. नवऱ्याचं नावही सोनाजीच. नांदायला अजून पाठवली नव्हती. "मी खोटं बोलले न्हाई, बाई. मला कोणी इचारलंच न्हाई."

बातमी लपते थोडीच. वसतिगृहात लग्न झालेल्या मुली घेत नाहीत. मास्तर म्हणाले, लिहा कुमारी, कोण बघायला येतंय? चांगुणा ठाम नाही म्हणाली. मग किसनराव म्हणाले, नाव कमी करा, वर्गाची बदनामी नको. बदनामी! त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न कितव्या वर्षी लागलं ते मी सगळ्यांसमोर विचारलं. नाव राहिलं, पण आता ते मला नमस्कार करत नाहीत. तेवढीच विश्रांती.

जमना, त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. कॉन्व्हेंटच्या फाटकाशी उभा असलेला तो टांगा आठवला. तुझी ट्रंक वर चढवली, तू लग्नाच्या हिरव्या लुगड्यात मागे बसलीस, आणि आपल्या सिस्टर, ज्या वाकडं बसलं तरी पट्टी मारायच्या, त्या तुझ्या वडिलांसमोर एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे तू कपाळ पुसून परत आलीस, एकटीने शिकलीस, नोकरी केलीस, घर बांधलंस. सिस्टरांवरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

परवा बाजारच्या दिवशी चांगुणेची सासू वर्गात येऊन थडकली. मालनबाई. डोक्यावर पाटी, ती बाकाखाली ठेवली आणि पोरांमध्ये बसून किसनरावांचं अख्खं भाषण ऐकलं. मग म्हणाली, "वकीलसायेब, तिथं माझ्या सुनंवर नजर कोण ठेवील?" वसतिगृह हिला घेणारच नाही हे गिळून ते म्हणाले, तिथले नियम कडक आहेत. "नियमाला डोळे असतात काय?" मला ती बाई आवडली. मी तिला बाहेर लिंबाखाली नेलं. तिला शिक्षण नको नव्हतं. "माझा पोरगा चौथी नापास. ही डाक्टरीण झाली की आमच्याकडं काहून यील?" असं तोंडावर म्हणाली. येईलच असं मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, आत्ता ओढून नेलीस तर शरीराने येईल, मनाने कधी येणार नाही. ती पदर खोचून उठली. मग म्हणाली, "त्या बोर्डिंगात न्हाई. एखाद्या शाण्या बाईच्या घरी, तिच्या चुलीपाशी राहणार असंल तर एक वर्स सोडते. बाईचा शब्द पायजे, बाप्याचा न्हाई. शब्द मोडला तर आल्या पावली घेऊन जाईन."

मी शब्द दिला. तुझा.

तू घरात कोणाला ठेवत नाहीस, सख्ख्या भाचीलाही ठेवलं नाहीस, एकटेपण तू कष्टाने मिळवलंयस, हे सगळं मला ठाऊक आहे. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू विचार करून कळवते म्हणाली असतीस, आणि तोवर इकडे ओटी भरून तिची सासरी रवानगी झाली असती. म्हणून हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं, तीच चांगुणा. ग्यानबा फाटकाबाहेर थांबला असेल. तू नाही म्हणालीस तर तो तिला संध्याकाळच्या गाडीने थेट सासरी पोचवणार आहे. मला शिव्या द्यायच्या त्या पत्रातून दे, तिच्यासमोर नको. ती उभीच असेल. आधी तिला बस म्हण.

तुझीच, तुझा शब्द उधळून बसलेली,
मनकर्णा