शोकेसमधला जमनीचा फोटो उतरवू नये

लिहून ठेवणार पूनमसिंग भावसिंग राठोड, वय ७१, धंदा फोटोग्राफी, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. मुलाने टाकून पाहिला, जमला नाही.

१. राहते घर मुलगा भारत याला. दुकानात मोबाइल विकायचे त्याच्या मनात आहे. ते मनातच राहू द्यावे.

२. दुकान, दोन्ही कॅमेरे व दिवे भाची जमनी रामधन चव्हाण हिला. कारण लिहितो. चाळीस वर्षे मी तालुक्यातल्या उपवर मुली फोटोत गोऱ्या केल्या. जमनी मात्र जन्मतःच पांढरी. केस, भुवया, पापण्यासुद्धा. अंगात रंगच तयार होत नाही, असे डॉक्टर म्हणाले. गोरी सून मागणाऱ्या लोकांना ही फारच गोरी निघाली. स्थळासाठी फोटो काढताना तिचा बाप, माझा मेहुणा रामधन म्हणाला, "दादा, हिले जराशी सावळी करून द्या." मी करून दिली. पाहुणे आले, मुलगी पाहिली आणि चहा न घेता गेले.

जमनीने तो फोटो माझ्यापुढे ठेवला. "मामा, हे पोरगी कोन आहे?"

दुसऱ्या दिवशी मी तिचा आहे तसा फोटो काढला आणि मोठा करून शोकेसमध्ये लावला. रामधन वर्षभर बोलला नाही. गिऱ्हाईक बिचकते, अशी समोरच्या कापड दुकानदाराने तक्रार केली. त्याच्या दारातल्या बिनमुंडक्याच्या बाहुल्यांना कोणी बिचकत नाही.

३. पुढे जमनी कॅमेरा शिकली. सहा बोटांची, दुभंगल्या ओठांची माणसे तिने काढली. कोणाचे काही पुसले नाही. यवतमाळला प्रदर्शन लागले. उद्घाटक साहेब 'खरे सौंदर्य' या विषयावर पाऊण तास बोलले आणि जाताना स्वतःच्या फोटोतले टक्कल झाकायला सांगून गेले. तो फोटो माझ्यामागे त्यांना टकलासह पोचवावा.

४. शोकेसमधला फोटो कोणीही उतरवू नये. मागच्या पोळ्याला नेरची एक बाई तान्ही नात घेऊन काचेपुढे बराच वेळ उभी होती. आत येऊन तिने जमनीला विचारले, "हे मोठी झाल्यावर तुह्यासारखी दिसन काय?"

"दिसन ना. उन्हात टोपी घालत जा, मावशी. अन् शाळेत पह्यल्या बाकावर बसव, आपल्याले दुरून फळा दिसत नाही."

बाईने बाळाच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "मंग काढ हिचा फोटो."

वाचून, समजून सही केली.
पूनमसिंग भावसिंग राठोड

आमच्यासमोर सही झाली:
१. नानाजी ढोले, शेती, दारव्हा
२. बबिता पवार, शिक्षिका, दारव्हा

दारव्हा, १४ जानेवारी २०२५