नळाला राजा नाही

३ मार्च, सकाळी
नळावर पुन्हा राडा. शेजारच्या हंसाने माझ्या कळशीपुढे बादली घुसवली. मी तोंड सोडलं. तोवर पाणी गेलं. पिंप अर्धंच. केस न धुता कंपनीत.

३ मार्च, संध्याकाळी
स्वरा कॉलेजचा निबंध लिहीत होती. 'अराजक' म्हणजे काय गं, विचारलं. म्हणाली, आई, 'अ' म्हणजे नाही. राजा नाही ते अराजक. इंग्रजीवाल्यांनी ग्रीकमधून घेतलेल्या 'अनार्की' शब्दाचाही अर्थ तोच, वर हुकूम करणारा कोणी नाही.
चौथी शिकले, पण लगेच डोक्यात आलं. आमच्या चाळीच्या नळाचं हेच दुखणं. उद्यापासून राजा मी.

५ मार्च
पुठ्ठ्यावर कायदे लिहवून घेतले, नळावर टांगले. एक, विटेचा नंबर बंद. इथे बायका लाइनीत वीट ठेवतात आणि घरी जाऊन चहा पितात. माणूस उभं पाहिजे. दोन, भांडण नाय. सगळ्या गप्प ऐकत होत्या. धाक बसला.

६ मार्च
भागीमावशीची वीट उचलून फेकली. म्हणे, बाय, गुडघे धरलेत, किती उभी राहू? कायदा तो कायदा.
तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवलं. जागेवर चप्पल ठेवून पळाले. चप्पल म्हणजे वीट नाय. हंसाला एवढंही कळत नाय, नुसती फिदीफिदी हसते.

१० मार्च
कोण आधी उभं होतं याचा निवाडा करता करता पाणी गेलं. कुणाचंच पिंप भरलं नाय. पुठ्ठाही गायब. लोकांना वळण लागायला वेळ लागणारच. मला आता 'राणीसरकार' म्हणतात. मान वाढलाय.

१४ मार्च, सकाळी
ताप. उठवेना. मी नाही म्हटल्यावर आज नळावर डोकी फुटणार. कान देऊन पडले. पाण्याचा आवाज. बायकांचं हसणं. बाकी काही नाय.
मग दार वाजलं. हंसा आणि स्वरा कळशा ओतत होत्या. मी विचारलं, नंबर कुणी लावला? हंसा म्हणाली, भागीमावशीने. पहाटेच तुमची चप्पल नेऊन ठेवली लाइनीत, तिच्या विटेच्या पुढे.
पिंप काठोकाठ. दोनदा केस धुवावेत एवढं पाणी.
आणि मला ताप.