फॉर्मवर न लिहिलेला त्रास

तिकोणा पेठ, ६ जानेवारी २०२५

ती. निवृत्ती दाजींस रखमाजीचा सा. न. वि. वि.

आमच्या घरात फोनवर बोललं की गोठ्यापर्यंत ऐकू जातं, म्हणून पत्र लिहितोय. गावातल्या शिबिरात माझं रक्त घेतलं. प्रोस्टेटचा पीएसए म्हणतात तो आकडा नऊ आला, चारच्या आत हवा म्हणे. शेजारचा दत्तोबा म्हणतो, हा कॅन्सरच.

घरी बोललो नाही. नात समीक्षाचं लग्न तेवढं डोळ्यांनी बघायचं आहे. तिची नर्सिंगची परीक्षा जूनमध्ये आहे, ती राहिली तर राहो. मुलाकडचे सोमाटण्याचे पाहुणे तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, त्यांच्याकडून महिन्याभरातली तारीख घ्या.

नंदाला थोरल्या भावाचे आशीर्वाद. आजवर जीव लावलात, तसाच लावा.

आपला, रखमाजी

लोणावळा, ११ जानेवारी

चि. रखमाजीस अ. आ.

पत्र वाचून हातातला चहा गार झाला. मग तुझा रागही आला. सोमाटण्याला मी जाणार नाही. दत्तोबा डॉक्टर कधी झाला?

चार वर्षांपूर्वी माझाही आकडा चढला होता. लाजेपायी तुला बोललो नाही, चुकलंच. वयाने ती ग्रंथी वाढते, लघवीत जंतू होतात, त्यानेही आकडा चढतो. आदल्या दिवशी सायकल दामटली तरी फरक पडू शकतो. नुसत्या आकड्यावरून कॅन्सर आहे म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं. तुला जळजळ होती का? शिबिराच्या फॉर्मवर काय लिहिलंस? तसा त्रास लिहिला तर आधी लघवी तपासतात. सुनेला घेऊन इकडे ये.

नंदा तुझी वाट बघते. माया आहेच.

तुझा, निवृत्ती

तिकोणा पेठ, १५ जानेवारी

ती. दाजींस सा. न. वि. वि.

जळजळ पंधरा दिवस होती. पण फॉर्म सून सारिका भरत होती. तिने विचारलं, आबा, लघवीचा काही त्रास? सुनेपुढं असलं कसं बोलावं? न्हाई म्हणालो. तिने तसंच लिहिलं.

सोमवारी तिला घेऊन येतो. भीती वाटते, दाजी.

आपला, रखमाजी

तिकोणा पेठ, ४ मार्च

ती. दाजींस सा. न. वि. वि.

आकडा तीनवर आला. लघवीत जंतूच होते. तुम्ही दाखवलेल्या डॉक्टरांचं औषध घेतलं, दीड महिन्याने काल पुन्हा तपासलं. आता वर्षाने एकदा दाखवायचं. लय बरं वाटतंय. समीक्षा परीक्षा देईल, लग्न पुढच्या माघात. तिला सगळं सांगितलं, तर तासभर मला रागावली.

काल येताना कामशेतच्या स्टँडवर सारिका बोलली. मी सारखा लघवीला पळतो, हे तिला शिबिराआधीच ठाऊक होतं. पण चार माणसांत सासऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून तिनेही नाही लिहिलं. रिपोर्ट तिनेच आणला, पहिल्यांदा तिनेच वाचला. आपल्या हातून आबांचं बरंवाईट होतंय, या धास्तीने पोर दोन महिने आतल्या आत झुरत होती. सांगताना तिला रडू आवरेना. लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली, काल पहिल्यांदा मी तिला जवळ घेतलं.

नंदाला सांगा. तुमची माया अशीच पाठीशी राहू द्या.

आपला, रखमाजी