कुरे बंदरातलं गोडं पाणी

जव्हार, ३० एप्रिल १९९८

बारक्या,

उद्या एक मेला आमच्या नातीच्या, फलकच्या शाळेत माझं भाषण आहे. विषय, आजोबांनी जपानची पाणबुडी कशी पकडली. बावन्न वर्षं मी जव्हारला हेच सांगत आलोय.

खरं फक्त तुला ठाऊक. लढाई संपल्यावर आपण जपानच्या कुरे बंदरात पोचलो. मी पलटणीचा शिंपी, तू पाणक्या. धक्क्याला बांधलेली पाणबुडी साहेब समुद्रात नेऊन बुडवणार होता. तू आत डोकावलास, टाकीत गोडं पाणी दिसलं आणि वाट अडवून बसलास. "गोडं पानी खाऱ्यात जायाचं नाय, साहेब." साहेबाने कपाळाला हात लावला. मग तुमच्या सूर्यमाळच्या विहिरीवर उन्हाळ्यात असते तशी तू जपानी बायांची डब्या-बादल्यांसकट रांग लावलीस, आणि मी दिवसभर पाणी उपसलं. पाणबुडी एक दिवस उशिरा बुडाली.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझा नातू कमलेश आलेलं पत्र अख्ख्या पाड्याला वाचून दाखवतो. उद्या मी पाणबुडी पकडलीच म्हणणार. खरं सांगितलं तर तुमच्या पाड्यावरच्या बाया विचारतील, जपानला पाणी पोचवलंत, मग आमच्याकडे कधी?

तुझा,
गुलाम टेलर