सासूबाईंच्या आवाजाची जतन समिती

सोमवार, ३ मार्च
देवाचं नाव घेऊन नवं काम हाती घेतलं. सासूबाईंना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या दिवशी वन्सं परदेशातून येणार आहेत. शेवटच्या दर्शनाला त्यांना पोचता आलं नव्हतं. काल फोनवर रडल्या. म्हणाल्या, वहिनी, आईचा आवाज एकदा ऐकव गं, दुसरं काही नको.
आईंची सकाळची प्रार्थना ह्यांनी आईंच्याच फोनवर रेकॉर्ड करून घरात सगळ्यांना पाठवली होती. फोनवरून नको, वर्षश्राद्धाला समोर बसवूनच ऐकवीन, असा शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
लगेच ऐकून खात्री केली. स्पष्ट आहे. प्रार्थना संपली की मी बंद करते. पुढे नुसती खुडबुड. तिच्यापायी बॅटरी कशाला जाळा?

गुरुवार, ६ मार्च
वाचनालयात ग्रंथपालांकडे गेले. संस्थेचा पाठिंबा असला की कामाला वजन येतं. त्यांनी खुर्ची दिली आणि डिजिटल जतन या विषयावर चांगलं डोकं खाल्लं. एकाच माणसाच्या भरवशावर ठेवू नका, टीम बांधा. तीन ठिकाणी प्रती ठेवा. अधूनमधून उघडून बघा. तुमच्यानंतर कोण सांभाळणार तेही ठरवा. म्हटलं, मला काही धाड भरलेली नाही.
टीमचं पटलं. प्रतींचं नाही. देव एकच आहे, त्याच्या आपण झेरॉक्स काढतो का? आणि उघडून काय बघायचं? डबा सारखा उघडला की आतलं सादळतं. मॅट्रिकला मला शास्त्रात चांगले मार्क होते.

रविवार, ९ मार्च
समिती स्थापन. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष धाकट्या जाऊबाई. चिटणीस शेजारच्या शिक्षिकाबाई; त्या आईंच्या मैत्रीण, त्यांनाही ह्यांनी प्रार्थना पाठवली होती. चहा बिनदुधाचा ठेवला. सभा लवकर आटोपली.
ह्यांना घेतलं नाही. ह्यांचा फोन म्हणजे अडगळीची खोली. सुप्रभातची फुलं, ओळखीपाळखीच्यांचे वाढदिवस, चुकून काढलेले स्वतःच्या चपलांचे फोटो. काही म्हणून पुसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, असू दे, काय खायला मागतंय? असा माणूस काय जतन करणार, कपाळ!

मंगळवार, १८ मार्च
फोन भरला, फोन भरला, अशी सारखी सूचना. शांतपणे विचार केला. एकच वस्तू तिघींकडे जागा अडवून बसली आहे. एका दाराला तीन कुलपं कशाला? चिटणीसांकडे आहेच, म्हणून माझी पुसली. घर झाडल्यासारखं वाटलं.
संध्याकाळी समितीत काटकसरीवर चार शब्द बोलले. जे दुसरीकडे आहे ते आपल्याकडे साठवणं हा लोभ, आणि लोभ देवाला आवडत नाही. दोघींनी माना डोलावल्या. टीम असावी तर अशी.

गुरुवार, २७ मार्च
आईंच्या फोनची बॅटरी फुगली. दुकानदार म्हणाला, जुना फोन द्या, इस्त्रीवर सूट देतो. समिती भक्कम असताना मूळ फोन हवा कशाला? इस्त्री उत्तम तापते.
ह्यांचाही फोन साफ करायचा विचार होता. पण हल्ली अंघोळीला जाताना फोन आत नेतात. संशयी स्वभाव.

शनिवार, ५ एप्रिल
वन्सं आल्या. आईंच्या खोलीत खूप वेळ बसून होत्या. मला म्हणाल्या, आवाज विसरायला लागलेय गं. म्हटलं, निश्चिंत झोपा, संस्था पाठीशी आहे.
आज एकदा तपासावं असं मनात आलं. पण विश्वास नावाची काही चीज असते.

रविवार, ६ एप्रिल
सगळे जमले. ग्रंथपालही आले. मी कार्याचा आढावा घेतला आणि चिटणीसांना खूण केली. त्या म्हणाल्या, अहो, मी तर लोभ सोडला, जाऊबाईंकडे आहे. जाऊबाई म्हणाल्या, इश्श, अध्यक्षांकडे असताना मी कशाला ठेवू? मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी इस्त्रीकडे.
वन्संनी नुसता पदर डोळ्यांना लावला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. देवाला हाक मारली, अगदी मनापासून.
तेवढ्यात हे कोपऱ्यातून म्हणाले, थांब जरा, माझ्याकडे असेल. फुलं सरकली, वाढदिवस सरकले, चपला सरकल्या, आणि खोलीत आईंचा आवाज आला. वन्संनी फोन दोन्ही हातांत धरून कानाशी नेला. प्रार्थना संपली. सवयीने मी बंद करायला हात पुढे केला, तर वन्संनी माझा हात बाजूला सारला. मग खुडबुड. आणि मग आईच, ठणठणीत आवाजात: हे तुझ्याकडेच राहू दे रे बाबा. सूनबाई आवरून टाकेल.
आधी जाऊबाई हसल्या. मग रडत रडत वन्सं. ग्रंथपालांनी चष्मा पुसायला काढला.

सोमवार, ७ एप्रिल
समितीचा अहवाल: ध्वनिमुद्रण सुखरूप, उद्दिष्ट सफल. काल सगळ्यांनी आपापल्या फोनवर पुन्हा घेतलं. वन्संनी तर तिथल्या तिथे चारदा ऐकलं, शेवटासकट. ह्यांना सदस्य करून घेते म्हटलं, तर म्हणतात, अध्यक्षपद द्या, नाहीतर राहू द्या.
ग्रंथपालांना फोन करून विचारलं, शेवटचं वाक्य तेवढं काढता येईल का. म्हणाले, जतन म्हणजे जसंच्या तसं.
पुस्तकांत राहणारा माणूस. सासू-सुनेतलं त्याला काय कळणार!