बांधाखालचं बिऱ्हाड

बाबा, काल मुलाने मला भातसाचं धरण दाखवायला नेलं. दरवाजे कळ दाबली की उघडतात, असं तो कौतुकाने सांगत होता आणि मी भिंतीच्या खालच्या अंगाला कोणाची घरं आहेत ते शोधत होते. "आई, पाणी इकडे आहे," म्हणाला. पाणी कुठे आहे ते मला न बघताही कळतं. पाठीशी साठलेलं पाणी असलं की या वयातही माझ्या अंगावर काटा येतो. वाशिंदला घरी परतलो तर सुनेने नळाखाली लावलेली बादली भरून वाहत होती आणि कोणी जागचं हलत नव्हतं. तेव्हा वाटलं, तुमच्याशी बोलावं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पत्ता तरी काय घालणार, पण लिहिते.

आपल्या मुरबाडकडच्या गावात तळ्याचं सगळं वर्ष तुमच्या हातात असे. पाऊसभर सांडवा मोकळा ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी त्यातून ओढ्याला जाई आणि मातीच्या बांधावर भार येत नसे. पाऊस ओसरू लागला की दगड, चिकणमाती आणि ऐनाच्या फांद्या भरून तो सांडवा बंद करायचा, यालाच सांडवा बांधणं म्हणत. मग शेवटच्या सरींचं पाणी वर चढायचं आणि तेच पुढे उन्हाळ्यात गावाला पुरायचं. दिवाळीनंतर वालाला किती द्यायचं, शिमग्यानंतर गुरं कुठल्या काठाला उतरवायची, चैत्रात धुणी कधी बंद करायची, हे तुम्ही सांगायचात. लोक कुरकुर करत ऐकायचे. जेठात तळ उघडा पडला की गाळ उपसून त्याच मातीने बांध लिंपायचा. तळ्याचा बाप, असं लोक तुम्हाला म्हणत. आई म्हणे, "तला पोटचा आनि आमी सावत्र."

आईचा राग होता तो सांडवा बांधणाऱ्याच्या रीतीवर. बांधाच्या खाली मजुरी करणाऱ्या लोकांची वाडी होती. त्यांच्या मालकीची जमीन नव्हती. दुसऱ्या कोणाला नको होती ती जागा त्यांच्या वाट्याला आली होती. पाणी पुरं पडावं म्हणून गावाला सांडवा लवकर बंद व्हायला हवा असे आणि बांध फुटला तर वाहून जाणार वाडी. म्हणून फार पूर्वीपासून ठरलेलं होतं, की सांडवा जो बांधेल त्याने बायकापोरांसकट वाडीत येऊन राहायचं, हस्ताचा पाऊस पडून सरेपर्यंत. आपण भांडीकुंडी, कोंबड्या आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन दर वर्षी तिथे जायचो. वाडीतली एक म्हातारी आपल्याला पडवी द्यायची. दारातून समोर बांधच दिसायचा, आभाळ नंतर. मी बांधाकडे पाठ करून जेवायला बसत नसे. तुम्ही हसायचात, पण माझं ताट फिरवून द्यायचात.

लढाईच्या काळात एक उन्हाळा फार वाईट गेला. पुन्हा तसं नको म्हणून गाव तुमच्यामागे लागलं आणि तुम्ही हस्त निम्मा सरण्याची वाट न बघता उत्तरा नक्षत्रातच सांडवा बंद केलात. तहानलेली माणसंच अशी चूक करतात. मग हस्त लागला आणि पाऊस थांबेना. तुम्ही रोज बांधाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन बघायचात. "नितळ आहे तवर भिऊ नको," मला सांगायचात. "बांध घामेजतो, तो घाम नितळ असतो. गढूळ आला तर समजायचं, आतली माती चाललीय." हे कळल्यापासून माझी झोप गेली. आधी नुसती पाण्याची भीती होती, आता काय बघून भ्यायचं तेही कळलं होतं.

त्या दिवशी दुपारी पाऊस जरा कमी झालाय. मी तुमच्यामागे चिखलातून जातेय. तुम्ही ओणवे होऊन ओंजळ भरता आणि तसेच राहता. मी वाकून बघते. पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं आहे. तुम्ही ते टाकता, पुन्हा भरता, पुन्हा तेच. बांधावरून पाटील विचारतो, "काय रे, काय झाला?"

"गढूळ येतंय. सांडवा फोडतो."

"येडा हायस काय? उघाडी व्हतेय बघ. दम धर जरा. फोडलास तर वैशाखात पोरं काय पितील?"

"दम मी धरीन, पाटील. बांध धरंल काय?"

पाटील खोटं बोलत नव्हता. खरोखरच पश्चिमेला उजळत होतं. तुम्ही एकदा तिकडे बघितलंत, एकदा वाडीकडे. पडवीत आई धाकट्याला पाजत बसली होती. मग तुम्ही पहार उचललीत आणि ती हातातून निसटली. पुन्हा उचललीत, पुन्हा निसटली. तुमचे हात लटलट कापत होते. बाबा, मला बांधाची जेवढी भीती वाटली नाही तेवढी त्या हातांची वाटली. तोवर मला वाटायचं, भिण्याचं काम आमचं आणि न भिण्याचं तुमचं. शेवटी वाडीतली माणसं धावली आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून सांडवा फोडलात. पाणी असं सुटलं की ओढ्यातले दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज पोटात जाणवत होता. मी आईच्या लुगड्यात तोंड खुपसून होते.

संध्याकाळी ऊन पडलं. त्यानंतर त्या वर्षी पाऊस नाही. बांध जागेवर उभा आणि तळं अर्धं रिकामं. पाटील सगळ्यांदेखत म्हणाला, "भ्याला. उगाच भ्याला." बांध टिकला असता की नाही, हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता आणि तुमच्या बाजूने बोलायला वाडीतल्या लोकांशिवाय कोणी नव्हतं. त्यांचं कोण ऐकतो?

शिमग्यानंतर तळ्यात चिखल उरला. पार नदीपर्यंत जाऊन वाळूत झरे उकरायचे, वाटीवाटीने हंडा भरायचा. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा झऱ्याशी एक बाई आईकडे बघून दुसरीला म्हणाली, "आली बघ भित्र्याची बायको." आईने हंडा खाली ठेवला. मला आणि धाकट्याला दंडाला धरून पुढे ओढलं. "भित्र्याची पोरा पन आलीत," म्हणाली, "जित्ती. मोजून घे." एरवी तळ्यावरून तुमच्याशी भांडणारी आई! घरी येऊन मात्र ती चुलीपुढे बसून खूप रडली.

पुढच्या वर्षी सांडवा दुसऱ्याने बांधला. तुम्हाला कोणी बोलावलं नाही. शेताच्या बांधावर बसून तुम्ही मला एकदाच विचारलंत, "टिकला असता का गो?" मी म्हटलं, "मला काय ठावं?" तुम्ही मान हलवलीत. नंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही.

दोन-चार पावसाळे गेले आणि माझ्या लग्नाचं चाललं होतं. शेणवे गावचं स्थळ होतं, मुलगा धीट, पुराच्या पाण्यातून बैल ओढून आणणारा, म्हणून जो तो वाखाणत होता. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "तुला कसा पायजे गो?" त्या काळात कोणता बाप मुलीला असं विचारत होता! मी खाली मान घालून म्हटलं, "तुमाला पटंल तो." तुम्हाला वाटलं मी लाजले. तोंडाशी वेगळंच आलं होतं. वाटलं, ते ऐकून गाव तुम्हाला म्हणतं तेच मीही म्हणतेय असं तुम्हाला वाटेल, म्हणून गिळलं. मला भिणारा नवरा हवा होता, बाबा. तुमच्याइतका भिणारा.