पिओनीला लावलेली भर

९ फेब्रुवारी

आज परत व्ह्यूइंग. एजंट म्हणतो, घर बघायला लोक आले की मालक घरात दिसता कामा नयेत. गाडी एकच. त्यामुळे शिरीष आणि मी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये चाळीस मिनिटं. वेगळं व्हायचं ठरवून सहा महिने झाले, आणि एवढं खेटून आम्ही लग्न टिकलेलं असतानाही बसत नव्हतो. बाहेर पाऊस, काचा धूसर. तो फोनवर, मी फोनवर. मध्येच त्याने न विचारता हीटर लावला. मला आधीच उकडत होतं.

खिडकी इंचभर खाली केली.

१६ फेब्रुवारी

रविवार, म्हणजे पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. एका सोफ्यावर दोघं, हसरे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. घर विकलं गेलं की सांगू, असं ठरलंय. म्हणजे कधी, देव जाणे. "दोघंही वाळलात गं. वृषाली, त्याला नीट खायला घाल." घालते म्हटलं. फ्रीजचे वरचे दोन कप्पे माझे, खालचे दोन त्याचे, हे त्यांना काय सांगणार.

कॉल संपला, शि. मागच्या खोलीत, मी पुढच्या. ईरा जिन्यात उभी. "आई, तुम्ही दोघं इतके गुड ॲक्टिंग करतो, इट्स स्केअरी." अठरा वर्षांची पोर. मे-जूनमध्ये ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी. सप्टेंबरात ती युनिव्हर्सिटीला जाऊन सुटेल.

१ मार्च

पिओनीचे कोंब दिसले! लालबुंद, बोटाएवढे. या वर्षी लवकर.

हुरळून जायचं कारण नाही. इथे इंग्लंडात, रीडिंगला आलो त्याच वर्षी लावली, हा पाचवा उन्हाळा. आतापर्यंत नुसती पानं. चार वर्षं मे महिन्यात कुंपणापलीकडे मॉरीनच्या बागेत थाळ्याएवढी गुलाबी फुलं, आणि अलीकडे मी. माझ्याकडून तर काही कमी पडलेलं नाही. सांगलीची मुलगी मी, बाबांचा ऊस बघत वाढले. उसाला लावतात तशी दर ऑक्टोबरात हिला मातीची भर लावते, वर कंपोस्टचा थर. इथल्या थंडीत बिचारीने उघडं का राहावं? गेल्या ऑक्टोबरात घर विकायला काढलेलं होतं, तरी लावली.

८ मार्च

ऑफर आली. आम्ही हो म्हटलं. तरुण जोडपं आहे, तिला सहावा महिना. बाळाच्या आधी घरात शिरायचंय त्यांना. मला तर आजच निघायचंय. बेसिंगस्टोकला ऑफिसपासून दहा मिनिटांवर फ्लॅट बघून ठेवलाय. दुसरा मजला, बाल्कनी. दोन खोल्या, आणि त्यात न विचारता काही करणारं कुणी नाही.

लोक विचारतील, झालं काय? काही नाही. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. या माणसाने वीस वर्षांत मला काही म्हणजे काही विचारलेलं नाही, एवढंच. इंग्लंडची बदली घेतली, घरी येऊन सांगितलं. हे घर नक्की केलं, फोटो दाखवले. वाईट काही केलं नाही कधी. सगळं आमच्या भल्याचं. भल्याच्या त्या ओझ्याखाली मी गुदमरले, हे कुणाला पटवून देता येत नाही. आईलाही नाही.

१५ मार्च

मॉरीनला विचारलं, पिओनी कुंडीतून फ्लॅटवर नेली तर? ती एकोणऐंशीची, आयुष्य बागेत गेलेलं. तिने हातातला कपच खाली ठेवला. आत्ता हात लावायचा नाही. उकरायची ती ऑक्टोबरात, पानं वाळल्यावर. आणि तरीही रुसते, वर्ष दोन वर्षं फुलत नाही.

म्हणजे मी मेमध्ये सुटले तरी ही इथेच. असू दे. झाडासाठी कोण थांबतं.

३० मार्च

सॉलिसिटरने फॉर्म पाठवलाय. घरातली एकेक वस्तू लिहायची, ठेवणार का नेणार. पडदे, पडद्यांचे रॉड, बल्ब, टॉवेलची कडी, बागेतली झाडं. शि. म्हणाला, मी भरतो. भर म्हटलं. वीस वर्षांचा संसार आणि टॉवेलच्या कडीवर खूण करायची! माझ्याने झालं नसतं. खाली दोघांची सही लागते. मी त्याने भरायच्या आधीच, कोऱ्यावर करून टाकली. मूर्खपणा, कळतंय.

१७ एप्रिल

कळ्या!! तीन. नाही, परत जाऊन मोजल्या, चार. चिंचोक्याएवढ्या, घट्ट, हिरव्या. ओल्या गवतात गुडघे टेकून बसले आणि रडले. अगदी हुंदके देऊन. शेवटी माझ्या भरीला यश आलं म्हणायचं.

१९ एप्रिल

माझ्या भरीला कसलं यश!

मॉरीनला कुंपणावरून कळ्या दाखवल्या. ती म्हणाली, येणारच. तुझ्या नवऱ्याने जानेवारीत सगळी माती काढली ना. मी म्हटलं, कोणी? तर म्हणे तो तिला विचारायला आला होता, ही का फुलत नाही. तिने सांगितलं, पिओनीचे डोळे जमिनीलगत हवेत, दोन इंचांच्या वर माती नको, आणि तिला थंडी हवीच, थंडीशिवाय फूल नाही. तेव्हा मी ऑफिसला गेलेले. तो चमचा घेऊन गोठलेल्या मातीत दोन तास बसला होता, डोळ्यांना धक्का लागू नये म्हणून.

म्हणजे चार वर्षं मी माझ्या हाताने तिला गाडत होते.

संध्याकाळी विचारलं. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

राग इतका आला की पोळी तव्यावर करपली. आभार मानायला हवे होते. पण हेच, हेच तर! झाड माझं, आणि त्याने परत न विचारता माझं भलं करून ठेवलं. आणि तेही घर सोडायच्या तोंडावर!

२७ एप्रिल

कळ्यांवर मुंग्या. सासूबाईंना कॉलवर दाखवल्या, त्या म्हणाल्या हळद टाक. मॉरीन म्हणते, येऊ दे मुंग्या, काही करत नाहीत. हळद नाही टाकली. आता मी त्या झाडाला काहीच करत नाही, लांबून बघते.

सासूबाई: "पहिलं फूल देवाला. दोघांनी मिळून वाहा हं." शि.ने मान हलवली. मीही हलवली. कुणाला फसवतोय आम्ही?

१२ मे

आता हे नवीन. सॉलिसिटरची मेल. फॉर्ममध्ये बाकी सगळं ठेवणार असं लिहिलंय. पडदे, कडी, अगदी त्याच्या लाडक्या शेडसकट. फक्त झाडांच्या रकान्यात शि.च्या अक्षरात: पिओनी वगळून. मिसेस कुलकर्णी ऑक्टोबरात येऊन नेतील. मिसेस कुलकर्णी म्हणजे मी.

घेणारी बाई नाराज आहे. कळ्या बघूनच तिचं बागेवर मन बसलं होतं, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं असताना कुणी परकं येऊन बाग खणणार, हे तिला नको आहे. शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर द्या, नाहीतर त्यांच्या नजरेत दुसरं घर आहे. एजंटने फोनवर तीनदा विचारलं, "एका झाडासाठी?"

शि.ला म्हटलं, हे काय लिहिलंस? "तुझी आहे ना ती," म्हणाला. जसं काही त्यात बोलण्यासारखं काहीच नाही.

१४ मे

सॉलिसिटरला दोन ओळींची मेल. झाड इथेच राहू दे. एवढं लिहिलं की मी मोकळी. बेसिंगस्टोक, बाल्कनी, चारही कप्पे माझे. दोन दिवस लिहिते आणि खोडते.

झाडासाठी नाही हे. झाडासाठी असतं तर सोपं होतं.

ईरा: "आई, जस्ट डिसाइड ना. मला रिव्हिजन होत नाही या घरात." खरं आहे तिचं. आमच्यापायी तीही कोंडली गेलीये.

१६ मे

शुक्रवार. घरून काम. सकाळी ईरा पेपरला निघताना बागेतून ओरडली, "आई, तुझा फूल आला! गो सी!" फिकट गुलाबी, आत पाकळ्यांवर पाकळ्या, ओंजळीत मावणार नाही एवढं. मी झाड लावलं त्याला चार वर्षं झाली. वास घेतला आणि परत आत आले. नीट आनंदही करता येईना.

दुपारी शि. माझ्या दारात. आत नाही आला. "वृषाली, काय करायचं? तू सांग. फॉर्ममधली ती ओळ खोड म्हणालीस तर खोडतो. ओळ राहू दे म्हणालीस तर हे गिऱ्हाईक जाऊ दे, दुसरं बघू. मला कळत नाहीये. तू सांग."

वीस वर्षांत पहिल्यांदा. याचसाठी तर भांडले मी इतकी वर्षं. आणि आता विचारलं, तर सांगते, म्हणाले. त्याला दीड तास झाला.

मघापासून सर आलीये. फूल पाण्याने जड होऊन पार जमिनीला टेकलंय. शि. खाली भिजत काठ्या रोवतोय. वर बघून हाक मारली: "येतेस का? एकाने धरावं लागतं, मग दुसऱ्याला बांधता येतं."

येते, म्हटलं खिडकीतून.

पाचला बारा मिनिटं कमी. मेल समोर उघडीच आहे. मी अजून उठलेले नाही.